डी'सोझा नावाने माझा कोड फोडला: डेटाबेस क्वेरीतलं ते प्रश्नचिन्ह नक्की करतं काय?



कॉन्टॅक्टमध्ये कुणाचं नाव शोधलं, व्हॉट्सॲपवर जुना मेसेज शोधला, कॉलेजच्या पोर्टलवर सीट नंबर टाकून रिझल्ट पाहिला. तिन्ही वेळा पडद्यामागे साधारण एकच गोष्ट घडते. तुम्ही टाइप केलेली अक्षरं एका डेटाबेसकडे जातात आणि तो त्यातून उत्तर शोधून देतो. ही अक्षरं तिथे कशी पोचवायची, हा आजचा विषय. प्रिपेअर्ड क्वेरी आणि तिच्यातले प्लेसहोल्डर. ऐकायला कोरडा वाटेल, मलाही वाटायचा. कॉलेजात डीबीएमएसच्या व्हायव्हाला मी "प्रिपेअर्ड स्टेटमेंटमुळे क्वेरी फास्ट चालते" एवढं पाठ केलेलं उत्तर देऊन सुटलो होतो. खरा अर्थ कळला तो नोकरीत, आणि तोही एका आडनावामुळे. म्हणून तिथूनच सुरू करतो.

वसईहून आलेला फोन

माझी पहिली नोकरी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. दहा-बारा माणसं आणि एक मोठी खोली. वसईतल्या एका शिक्षणसंस्थेचे ॲडमिशन फॉर्म आणि फीच्या पावत्या ऑनलाइन करायचं काम माझ्याकडे आलं. पीएचपी आणि मायएसक्यूएल, पंधरा दिवसांत तयार. मी खूश होतो.

दुसऱ्याच दिवशी तिथल्या क्लार्कचा फोन आला. "सर, एका मुलीचा फॉर्म जातच नाहीये. सबमिट केलं की पांढरं पान येतंय." मी नाव विचारलं. आडनाव डिसोझा. मी इथे बसून 'डिसोझा' टाकून पाहिलं तर व्यवस्थित गेलं. मग त्यांनी स्पेलिंग सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. इंग्रजीत हे आडनाव डी आणि सोझा यांच्या मध्ये वर एक छोटी शेपटी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. देवनागरीत दाखवायचं तर डी'सोझा असं.

ज्यांना वसई किंवा गोवा माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्वा, दिब्रिटो अशी कितीतरी घरं तिथे आहेत. 2020 साली उस्मानाबादला झालेल्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच, त्यांचं आडनावही इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीनेच लिहितात. म्हणजे मी वसईसाठी फॉर्म बनवला होता आणि तो वसईचीच आडनावं घेत नव्हता.

त्या वेळी मी काय केलं ते सांगायला अजूनही लाज वाटते. "अपॉस्ट्रॉफी काढून टाका ना," असं क्लार्कना सांगितलं. आणि पुढच्यांना त्रास नको म्हणून कोडमध्ये एक ओळ घातली: नावात अपॉस्ट्रॉफी दिसली की गुपचूप काढून टाकायची. फॉर्म जायला लागले. माझ्या मते विषय संपला.

तो संपला नव्हता. त्या मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर अपॉस्ट्रॉफी होती, आमच्या पावतीवर आणि बोनाफाईडवर नव्हती. पुढे एका ठिकाणी कागदपत्रं तपासताना "नाव जुळत नाही" म्हणून अर्ज परत आला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा, असं सांगण्यात आलं. तिचे वडील कामावर सुट्टी टाकून दोनदा खेटे घालून आले. एक शेपटी मला नीट सांभाळता आली नाही, तिचा खर्च त्यांनी भरला.

अपॉस्ट्रॉफीने नेमकं काय बिघडलं?

माझा कोड साधारण असा होता. वाचायला सोपं जावं म्हणून सगळ्या क्वेरी मी इथे देवनागरीत लिहितोय:

क्वेरी = "सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर आडनाव = '" + आडनाव + "'"

म्हणजे एक अर्धवट वाक्य घेतलं, त्याला युजरने टाइप केलेला मजकूर चिकटवला, शेवटी एक सिंगल कोट लावला आणि अख्खं वाक्य डेटाबेसला दिलं. आडनाव जोशी असेल तर डेटाबेसला हे मिळतं:

सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर आडनाव = 'जोशी'

झकास. आता डी'सोझा टाका:

सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर आडनाव = 'डी'सोझा'

एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सिंगल कोटवरून कळतं. आणि साध्या कीबोर्डवर अपॉस्ट्रॉफी आणि सिंगल कोट हे एकच चिन्ह आहे. त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने मजकूर 'डी' इथेच संपला. पुढे आलेलं "सोझा" हे काय आहे, कमांड आहे की कॉलम, हे त्याला कळेना, आणि शेवटचा कोट तर उघडून बंदच झालेला नाही. त्याने एरर दिली, माझ्या पानाने ती गिळली आणि क्लार्कना पांढरं पान दिसलं.

इथपर्यंत वाटतं की ही किरकोळ चूक आहे. मलाही तसंच वाटलं होतं. महिन्याभराने आमच्या टीममधल्या एका सीनियरने माझा कोड उघडला. तिने अपॉस्ट्रॉफी काढणारी ओळ वाचली आणि विचारलं, "हे कशासाठी?" मी अभिमानाने किस्सा सांगितला. ती काही बोलली नाही. पावत्या शोधायचं पान उघडलं, आणि तिथे मी ती ओळ घालायला विसरलो होतो. तिने सर्च बॉक्समध्ये हे टाइप केलं:

' ऑर 1=1 --

एंटर दाबल्यावर स्क्रीनवर संस्थेतल्या सगळ्या मुलांच्या पावत्या आल्या. नावं, पत्ते, पालकांचे मोबाइल नंबर, सगळं. पान खाली सरकतच होतं.

"अरे, तू अपॉस्ट्रॉफीला त्रास समजत होतास," ती म्हणाली. "ती तुला सांगत होती की दार उघडं आहे."

चिकटवल्यावर ती क्वेरी काय झाली ते बघा:

सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर आडनाव = '' ऑर 1=1 --'

आडनाव रिकामं असेल किंवा एक बरोबर एक असेल तर ती ओळ दाखव. एक बरोबर एक कायमच असतं. आणि दोन आडव्या रेघांच्या पुढचं सगळं एसक्यूएलमध्ये शेरा म्हणून सोडून दिलं जातं, त्यामुळे शेवटी लोंबकळणारा कोटही निकालात निघाला. मायएसक्यूएलमध्ये त्या दोन रेघांनंतर एक स्पेस द्यावी लागते, एवढाच फरक.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. डी'सोझा आडनावाची मुलगी आणि डेटा चोरणारा माणूस, दोघं माझ्या कोडच्या एकाच भोकातून आत आले. ती चुकून, तो मुद्दाम. भोक एकच: युजरने दिलेली माहिती आणि मी लिहिलेली आज्ञा यांची मी एकच लांबलचक ओळ केली होती, आणि त्यातलं कुठलं अक्षर कुणाचं हे डेटाबेसला कळायचा काही मार्गच ठेवला नव्हता.

रिकाम्या जागा भरा

आता उपाय. प्लेसहोल्डर म्हणजे शाळेतला आपला जुना ओळखीचा प्रश्न: रिकाम्या जागा भरा.

"महाराष्ट्राची राजधानी ______ आहे." आता एखाद्या महाभागाने रिकाम्या जागेत लिहिलं, "मुंबई आहे. आणि या वर्गातल्या सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण द्या, कारण तसं ठरलं." बाई काय करतील? सगळ्यांना गुण देतील? नाही. ते सगळं वाक्य त्या मुलाचं उत्तर म्हणून वाचतील आणि बहुतेक भोपळा देतील. कारण प्रश्नपत्रिका आधीच छापून झाली आहे. रिकाम्या जागेत काहीही लिहिलं तरी प्रश्न बदलत नाही. माझा जुना कोड म्हणजे मुलांनी लिहिलेली उत्तरं प्रश्नपत्रिकेतच छापायला पाठवण्याचा प्रकार होता.

प्लेसहोल्डर वापरून तीच क्वेरी अशी होते:

सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर आडनाव = ?

बघा, प्रश्नचिन्हाच्या आजूबाजूला कोट नाहीत. ते प्रश्नचिन्ह म्हणजे रिकामी जागा. आडनाव वेगळं द्यायचं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, आणि मला वाटतं निम्म्या ट्यूटोरियलनी तोच शिकवलाय: "प्रश्नचिन्हाच्या जागी तुमची व्हॅल्यू टाकली जाते." असं ऐकलं की वाटतं, कुणीतरी आपल्याऐवजी जास्त काळजीपूर्वक चिकटवतंय. खऱ्या प्रिपेअर्ड क्वेरीत चिकटवणं होतच नाही. त्या वाक्यात डी'सोझा कधीच येत नाही.

होतं असं. आधी फक्त प्रश्नचिन्हवाली क्वेरी डेटाबेसकडे जाते. डेटाबेस ती वाचतो, शब्द सुटे करतो, व्याकरण लावतो: हे टेबल, हा कॉलम, ही तुलना, आणि इथे एक व्हॅल्यू येणार आहे. आपण मराठीच्या पेपरात वाक्याचं कर्ता, कर्म, क्रियापद पाडायचो तसंच. हे काम संपल्यावर वाक्याची गरज उरत नाही. डेटाबेसकडे त्याचा सांगाडा तयार असतो. त्यानंतर दुसऱ्या निरोपात आडनाव जातं. "पहिल्या रिकाम्या जागेसाठी इतक्या बाइटचा मजकूर, तो हा." लांबी आधीच सांगितलेली असल्यामुळे मजकूर कुठे संपतो हे ठरवायला कोट शोधावा लागत नाही. आत अपॉस्ट्रॉफी असो, दोन रेघा असोत, नाहीतर अख्खी दुसरी क्वेरी असो, डेटाबेस त्याचं व्याकरण पाडायला बसतच नाही. तो वेळ निघून गेलेला असतो. तो फक्त ' ऑर 1=1 -- अशा विचित्र आडनावाचा विद्यार्थी आहे का ते बघतो, आणि नाही म्हणून सांगतो.

पोस्टग्रेसमध्ये तर या निरोपांची नावंच पार्स, बाइंड आणि एक्झिक्यूट अशी आहेत. म्हणजे वाच, बांध, चालव. क्रम लक्षात ठेवला की बाकी सगळं आपोआप समजतं.

चिन्ह मात्र सगळीकडे सारखं नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये साधं ?, पोस्टग्रेसमध्ये $1, $2 असे क्रमांक, ओरॅकलमध्ये :आडनाव असं कोलन देऊन नाव, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये @आडनाव. पायथॉनमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकोपीजी लायब्ररीने टक्क्याचं चिन्ह आणि एस हे अक्षर निवडलंय. ते पाहून हमखास कुणीतरी पायथॉनचं नेहमीचं स्ट्रिंग फॉरमॅटिंग वापरतो आणि पुन्हा चिकटवण्यावर येतो. दोन्ही कोड दिसायला जुळे भाऊ. फरक एवढाच की व्हॅल्यू स्वल्पविरामाने एक्झिक्यूटला वेगळी दिली आहे की टक्क्याच्या चिन्हाने आधीच वाक्यात कोंबली आहे. कोड तपासताना मी आधी हेच बघतो.

"मी एस्केप करतो ना, मग?"

सीनियरने दाखवल्यानंतरही मी लगेच शहाणा झालो नाही. माझा पुढचा विचार होता की जिथे जिथे अपॉस्ट्रॉफी येईल तिथे तिच्याआधी बॅकस्लॅश लावू. याला एस्केपिंग म्हणतात. पीएचपीमध्ये एके काळी मॅजिक कोट्स नावाची सोय होती, ती बाहेरून आलेल्या सगळ्या मजकुरावर हे आपोआप करायची. त्यातून इतके घोळ झाले की 2012 साली पीएचपी 5.4मध्ये ती काढून टाकली. जुन्या वेबसाइटवर डी\'सोझा असं बॅकस्लॅशसकट नाव छापलेलं तुम्ही पाहिलं असेल तर ते बहुतेक अशाच दोनदा केलेल्या एस्केपिंगचं पिल्लू.

एस्केपिंगची खरी गोची आकड्यांशी आहे. ही क्वेरी बघा:

सिलेक्ट * फ्रॉम पावत्या व्हेअर पावती_क्रमांक = 512

आकड्याला कोट लागतच नाहीत. मग कुणी 512 च्या जागी 512 ऑर 1=1 पाठवलं तर? त्यात एकही अपॉस्ट्रॉफी नाही, एस्केप करायला काही नाही, आणि सगळ्या पावत्या पुन्हा बाहेर. शिवाय साठ ठिकाणी एस्केप करायचं तर एकसष्टावं ठिकाण विसरलं जातंच. मी सर्चचं पान विसरलोच होतो की.

थोडा प्रामाणिकपणा इथेही हवा. पीएचपीची पीडीओ ही सोय मायएसक्यूएलबरोबर वापरताना, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर प्लेसहोल्डरची नक्कल करते. म्हणजे लिहिता तुम्ही प्रश्नचिन्ह, पण पीडीओ स्वतःच व्हॅल्यू एस्केप करून वाक्यात भरते आणि अख्खं वाक्य डेटाबेसला पाठवते. हातकामापेक्षा हे पुष्कळ बरं, पण वर सांगितलेला दोन निरोपांचा प्रकार हा नव्हे. ॲट्रिब्यूट एम्युलेट प्रिपेअर्स नावाचं सेटिंग बंद केलं की खरी प्रिपेअर्ड क्वेरी चालू होते. मी ते बंद ठेवतो.

जिथे प्रश्नचिन्ह चालत नाही

मग मी दोन दिवस बसून सगळ्या क्वेरी बदलल्या. आणि तिथे नवीन गमती सुरू झाल्या. त्या सांगतो, कारण इथेच बरेच जण कंटाळून पुन्हा चिकटवायला लागतात.

पहिली गंमत लाइकची. अर्धवट नाव शोधायला मी असं लिहिलं: आडनाव लाइक '%?%'. एकही ओळ सापडेना. कारण कोटच्या आत गेलं की प्रश्नचिन्ह रिकामी जागा राहत नाही, ते साधं अक्षर होतं. बरोबर पद्धत म्हणजे क्वेरीत नुसतं आडनाव लाइक ? लिहायचं आणि टक्क्याची चिन्हं व्हॅल्यूलाच लावून %सोझा% असं पाठवायचं. यात एक मेख राहते. युजरने स्वतःच % किंवा अंडरस्कोर टाइप केला तर लाइक त्याला "काहीही चालेल" असंच समजणार. ते इंजेक्शन नाही, पण एकट्या % चिन्हाने सगळी यादी मिळायला नको असेल तर तेवढं वेगळं सांभाळावं लागतं.

दुसरी, इनची. "या पाच वर्गांतली मुलं दाखव" यासाठी मी इन (?) लिहून त्यात स्वल्पविराम देऊन पाच वर्ग एकत्र पाठवले. डेटाबेसने ते सगळं मिळून एकच लांब नाव असलेला वर्ग समजून शोधला. एका रिकाम्या जागेत एकच व्हॅल्यू बसते. पाच व्हॅल्यू तर पाच प्रश्नचिन्हं. ती कोडने मोजून तयार करायची, त्यात धोका नाही, कारण आपण प्रश्नचिन्हं जोडतोय, युजरचा मजकूर नाही.

तिसरीने मला सगळ्यात जास्त वेळ छळलं. यादी नावाने लावायची की तारखेने हे युजर ठरवणार होता, म्हणून मी ऑर्डर बाय ? लिहून कॉलमचं नाव व्हॅल्यू म्हणून पाठवलं. एरर आली नाही. यादीही आली. फक्त ती कशानेच लागलेली नव्हती. तास गेला डोकं खाजवण्यात. उत्तर वरच्या परिच्छेदांतच आहे: रिकाम्या जागेतली गोष्ट डेटाबेस कधीच आज्ञेचा भाग मानत नाही. मी 'तारीख' पाठवलं, त्याने तारीख या शब्दाने यादी लावली. तो शब्द प्रत्येक ओळीसाठी सारखाच, मग लावणार काय?

म्हणून टेबलचं नाव, कॉलमचं नाव, चढता किंवा उतरता क्रम हे प्लेसहोल्डरमध्ये बसत नाहीत. ते सांगाड्याचे भाग आहेत आणि सांगाडा आधी ठरलेला असावा लागतो. तिथे आपल्या कोडमध्येच परवानगी असलेल्या कॉलमची छोटी यादी ठेवायची. युजरने पाठवलेला शब्द त्या यादीत असेल तर आपण लिहून ठेवलेलं नाव वापरायचं, नसेल तर नेहमीचा क्रम लावायचा. युजरची अक्षरं वाक्यात जाऊ द्यायची नाहीत, आपलीच जायला हवीत.

आणि हो, ते व्हायव्हातलं "फास्ट चालतं" खोटं नाही. एकच क्वेरी दोन हजार वेळा वेगवेगळ्या व्हॅल्यू देऊन चालवायची असेल तर व्याकरण एकदाच पाडावं लागतं. पण केवळ त्यासाठी कुणी प्लेसहोल्डर वापरत असेल तर त्याने छत्री फक्त उन्हासाठी घेतली आहे.

हे जुनं झालं ना आता?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. 1998 च्या डिसेंबरमध्ये फ्रॅक नावाच्या हॅकर लोकांच्या ऑनलाइन मासिकात या युक्तीचं वर्णन आलं होतं. म्हणजे तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. उपायही कधीचाच माहीत आहे. तरीही वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत 2010, 2013 आणि 2017 अशा तीनही वेळा इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं. 2021 मध्ये ते तिसऱ्यावर आलं.

ब्रिटनमधलं टॉकटॉकचं प्रकरण मी नवीन मुलांना नेहमी सांगतो. ही मोठी फोन आणि इंटरनेट कंपनी. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या 1,56,959 ग्राहकांची माहिती चोरीला गेली, त्यातल्या 15,656 जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही गेले. रस्ता कुठला? कंपनीने 2009 साली टिस्कालीचा ब्रिटनमधला धंदा विकत घेतला होता, त्याच्याबरोबर आलेली काही जुनी वेब पानं. ती अजून चालू आहेत हेच कंपनीच्या ध्यानात नव्हतं, आणि त्या पानांवर एसक्यूएल इंजेक्शन चालत होतं. त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्येही तसेच हल्ले होऊन गेले होते. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने 2016 मध्ये कंपनीला चार लाख पौंड दंड केला. या प्रकरणाशी संबंधित गुन्हे कबूल करणाऱ्यांमध्ये सतरा वर्षांचा एक मुलगा होता.

2023 मध्ये मूव्हइट नावाच्या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून जगभरातल्या कंपन्यांचा डेटा गेला, तिथेही भोक एसक्यूएल इंजेक्शनचंच होतं. तेव्हा जुनं झालं म्हणायला मी तयार नाही. त्यात आता एआयकडून कोड लिहून घ्यायची सोय झाली आहे. घ्या खुशाल, मीही घेतो. पण आलेल्या कोडमध्ये क्वेरीच्या ओळीत जोडचिन्ह किंवा महिरपी कंसात व्हेरिएबल दिसलं की थांबा आणि प्लेसहोल्डर मागा.

तुमच्या फोनमध्ये

तुमच्या खिशातही हा डेटाबेस आहे. अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट आधीपासूनच असतो. तुमचे कॉन्टॅक्ट त्यात असतात, अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचे मेसेजही एसक्यूलाइटच्याच फाइलमध्ये असतात. अँड्रॉइड ॲप बनवायला शिकत असाल तर रॉ क्वेरी या फंक्शनला दोन गोष्टी देता येतात: प्रश्नचिन्हवाली क्वेरी आणि व्हॅल्यूंची यादी. दुसरी जागा नल ठेवून सगळं पहिल्यातच चिकटवलेला कोड मी इतका पाहिलाय की बस. रूम लायब्ररी वापरली तर :आडनाव असं लिहायचं, आणि एसक्यूएलचं व्याकरण चुकलं असेल तर ॲप बनतानाच एरर येते.

स्वतः करून पाहायचं असेल तर लॅपटॉपही लागत नाही. फोनवर पायड्रॉइडसारखं पायथॉनचं ॲप टाका, एसक्यूलाइटचं मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतं. एक छोटं टेबल बनवा, चार-पाच नावं भरा, त्यात एक डी'सोझा. मग तीच क्वेरी आधी चिकटवून आणि नंतर प्रश्नचिन्ह देऊन चालवा. इंटरनेटवरचा प्रसिद्ध विनोद, नावातच "ड्रॉप टेबल" लिहून टेबल उडवायचा, तोही करून बघा. टेबल उडणार नाही! पायथॉनमधलं एक्झिक्यूट एका वेळी एकच क्वेरी चालवतं आणि दुसरी दिसली की एरर देतं. पण ' ऑर 1=1 -- मात्र आरामात चालेल, कारण त्याला दुसरी क्वेरी लागतच नाही.

हे प्रयोग फक्त स्वतःच्या टेबलवर. कॉलेजच्या किंवा कुणाच्या वेबसाइटवर "चालतंय का बघू" म्हणून टाइप केलंत तर आयटी कायदा 2000 च्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "सर, मी फक्त चेक करत होतो" हे तिथे उत्तर नाही. एखाद्या साइटवर साधं नाव भरताना एसक्यूएल सिन्टॅक्सची एरर उघडी दिसली, तर तिथे आधार किंवा बँकेची माहिती भरू नका आणि त्यांना एक मेल टाका. अपॉस्ट्रॉफीला "अवैध अक्षर" म्हणणाऱ्या फॉर्मबद्दल मी खात्रीने काही म्हणणार नाही, पण माझ्यासारखंच कुणीतरी तिकडे बसलंय असा संशय मला नेहमी येतो.

वसईच्या त्या कामाचं पुढे काय झालं? क्वेरी बदलून झाल्या, सर्च बंद झाला, अपॉस्ट्रॉफी काढणारी ओळ मी स्वतः पुसली. पण महिनाभरात जी नावं तिच्याशिवाय साठवली गेली होती ती दुरुस्त करायला कुठलाच प्रोग्रॅम उपयोगी नव्हता. काही घरं खरोखरच अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहितात, काही देऊन लिहितात, आणि कोण कुठलं हे डेटाबेसमधून मी आधीच पुसून टाकलं होतं. शेवटी क्लार्कनी यादी काढली, आणि मी दोन दिवस वसईला जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. ते एकेका पालकाला फोन लावून विचारत, "डीच्या पुढे शेपटी आहे का हो तुमच्या?" आणि मी टाइप करत होतो.